उजव्या बाजूची सीट

१

दर शनिवारी सकाळी माझा कार्यक्रम ठरलेला असे. बॉनेट उघडायचं, पट्टी काढून इंजिनातलं तेल पाहायचं, ते उतरलेलं असायचंच, डब्यातून ओतायचं, आणि शेजारीपाजारी चहा संपवून ओट्यावर येण्याआधी सिंदेवाही सोडायची. लोकांसमोर गाडी सुरू करायची मला लाज वाटे. पहिल्या झटक्याला ती असा काळा धूर सोडायची की पलीकडच्या गिरजाबाई दोरीवरची लुगडी ओढून घ्यायच्या, तोंडानं एक शब्द न काढता. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी विदेशी होती. चंद्रपूरकडं एका मोठ्या प्रकल्पावर परदेशी इंजिनिअर आले होते, त्यातल्या एकाची. ते परत गेले, गाडी राहिली. झाडावर आदळून तिची उजवी बाजू चेपली होती आणि ती बरीच वर्षं कबाड्याच्या आवारात गवतात उभी होती. सत्त्याऐंशी साली मी ती मातीमोल भावात उचलली. डिझेलवर चालणारी, टर्बो बसवलेली, क्लच नसलेली, आणि स्टिअरिंग डावीकडं. उजवीकडचं दार कबाड्यानं दुसऱ्याच गाडीचं ठोकून बसवलं होतं आणि त्याला तांबडा रेडऑक्साइड फासून ठेवला होता. पांढऱ्या गाडीला एक तांबडं दार. भात संशोधन केंद्रातले माझे सोबती म्हणायचे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मी त्यांच्यासोबत हसायचो आणि घरी आल्यावर चिडायचो.

पण गाडी मी मिरवायला घेतली नव्हती. निदान तेवढ्यासाठीच घेतली नव्हती. माझी बायको आशा आलापल्लीच्या पुढं, सिरोंच्याच्या रस्त्यावर, जंगलातल्या एका गावात शिक्षिका होती. आदल्या पावसाळ्यात तिला मलेरिया झाला. निरोप आला तेव्हा आमच्या केंद्रावर वरचे साहेब पाहणीला यायचे होते, आणि मी गेलो नाही. ती बरी होऊन घरी आली, भांडली नाही, रडली नाही, पण घरात पाहुण्यासारखी वागायला लागली. पाणी प्यायचं असलं तरी विचारायची. उन्हाळ्यात बदलीचे अर्ज निघणार होते. तिनं अर्ज भरला तर ती सिंदेवाहीकडं येणार, नाही भरला तर तिथंच क्वार्टर घेणार. ती दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगायची. मला ती घरी परत हवी होती. दर शनिवारी गाडी घेऊन शाळेच्या दारात उभं राहायचं आणि सोमवारी पहाटे सोडून यायचं, एवढंच मला सुचलं होतं.

२

गाडी चालती केली ती श्रीहरीनं. तो मूळचा सिरोंच्याचा, घरी तेलुगू बोलणारा. मूल गावच्या नाक्यावर त्याचं गॅरेज होतं. ट्रकचे फिल्टर कापून त्यानं या गाडीला बसवले, फाटक्या नळ्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या. जे त्याला माहीत नसायचं तेही तो ठासून सांगायचा. पण टर्बोचं त्यानं नीट समजावलं होतं.

"धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवते, भाऊ. अन् तो पंखा इंजिनात हवा कोंबते. म्हणून थांबल्याबरोबर चाबी नका फिरवत जाऊ. गाडी चालूच ठेवून उगामुगा बसत जा थोडा वेळ. पंख्याले थंडा होऊ द्या. तेल एकदम बंद झालं का तो आतल्या आत जळते."

म्हणजे कुठंही पोचलो तरी मला लगेच उतरता यायचं नाही. गाडी उभी, इंजिन घुरघुरतंय आणि मी आत बसलेलो. लोक पाहायचे. कोणीतरी हमखास विचारायचं, "कोणाची वाट पाहून राह्यले?" पंख्याची, असं कसं सांगणार?

चालवताना तिची एक खोड होती. पाय दाबला की आधी काहीच व्हायचं नाही. मग बारीक शिट्टी सुरू व्हायची, चढत जायची आणि मागून कोणी दोन्ही हातांनी ढकलावं तशी गाडी पुढं सुटायची. गाडी बंद केल्यावरही ती शिट्टी लगेच थांबत नसे. हळूहळू विरायची. ती पूर्ण विरेपर्यंत ऐकत बसायची मला सवय लागली, आणि ती उजव्या बाजूनं ऐकू येते असं वाटायचं. टर्बो होताही उजव्या बाजूला. म्हणून मी त्याचा विचार केला नाही.

३

आलापल्लीच्या चौकात बायनाबाईचं चहाचं दुकान होतं. जाताना मी तिथं थांबायचो. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी तिनं माझ्या हातात ग्लास दिला आणि गाडीकडं हनुवटी करून म्हणाली, "साहेब, डायवरले नाई देत का चहा? मघापासून बसून आहे बिचारा."

मी वळून पाहिलं. गाडीत कोणी नव्हतं. काचेवर सागाच्या झाडाची सावली होती, तेवढीच. माझ्या लक्षात आलं, बाईनं मला डाव्या बाजूनं उतरताना पाहिलं. आपल्याकडं डाव्या बाजूनं उतरतो तो साहेब, आणि उजवीकडं बसतो तो ड्रायव्हर. तिनं सावलीला माणूस केलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

पण बाकड्यावर इस्त्रीचे कपडे घातलेले दोन ठेकेदार बसले होते आणि माझ्याकडं पाहत होते. इतका वेळ ते तांबड्या दाराकडं बघून गालात हसत होते. 'ड्रायव्हर' शब्द ऐकला आणि एकानं सरकून मला जागा दिली.

"द्या बाई," मी म्हणालो. "मीच नेऊन देतो त्याला."

दुसरा ग्लास घेऊन मी गाडीपाशी गेलो, मागच्या बाजूला टपावर हात टेकवून उभा राहिलो आणि तो चहा घाईघाईनं स्वतः प्यायलो. जीभ पोळली. परत आल्यावर बायनाबाई त्या ठेकेदारांना सांगत होती की असा साहेब पाहिला नाई, डायवरसाठी सोता चहा नेते. माझे कान तापले. लाजेनं तापले असं म्हणायला हवं, पण त्यात थोडा आनंदही होता, आणि त्या आनंदाची मला आता जास्त लाज वाटते.

पुढच्या शनिवारी मी न सांगता दोन चहा मागितले.

४

आमच्या बाबांनी छप्पन साली घरातले देव वैनगंगेत सोडले. आमच्या घरात भूत, करणी, उतारा हे शब्द शिवीसारखे होते. बुद्धविहारात पौर्णिमेला मी स्वतः भाषण करायचो, की डोळ्यांना जे दिसतं त्याची आधी तपासणी करा. म्हणून मी तपासणी करत होतो.

आलापल्लीच्या पुढं जंगल खात्याचा नाका होता. तिथला लालसू फाटक उघडायचा आणि काडेपेटी मागायला खिडकीशी यायचा. आधी तो माझ्याकडं यायचा. पुढं उजव्या खिडकीकडं जायला लागला. तिथं वाकायचा, ओंजळ करायचा आणि सरळ व्हायचा तेव्हा बिडी पेटलेली असायची. मी मनाशी म्हणालो, काडी त्याच्या स्वतःच्याच हातात असेल. पण मग खिडकीशी वाकायचं काय कारण?

एकदा बायनाबाईकडचा दुसरा ग्लास मी उजव्या सीटपुढच्या फळीवर ठेवला आणि टायर पाहायला उतरलो. परत आलो तर ग्लास रिकामा. तोंडात चहाची चव होती, पण ती एका ग्लासाची की दोन, हे जीभ सांगत नाही. मी प्यायलो असेन, असं ठरवलं.

आणि आशा. येताना ती त्या सीटवर बसायची. ते ठोकून बसवलेलं दार आतून उघडत नसे, दर वेळी मलाच फिरून जाऊन बाहेरून उघडावं लागे. शाळेतल्या बाया तिला चिडवायच्या, की तुमचे मालक लय मान देतात. ती हसायची नाही. मी दार उघडल्यावर ती लगेच आत बसायची नाही, उगाच बाजूला सरून क्षणभर थांबायची. एकदा मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. मग बसली आणि म्हणाली, "सीट गरम आहे."

"ऊन येतं त्या बाजूनं," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. आभाळ भरून आलेलं होतं त्या दिवशी. ते आम्हा दोघांनाही दिसत होतं, आणि दोघंही पुढं पाहत राहिलो. हे कोणाला सांगायचं? आशाला सांगितलं असतं तर ती त्या गाडीत पुन्हा बसली नसती. विहारात सांगितलं असतं तर लोकांनी माझ्या भाषणांची आठवण करून दिली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ झाकून ठेवली.

५

माझं नुकसान भुतानं केलं नाही. माझ्या लाजेनं केलं, आणि ते अगदी साध्या रीतीनं केलं.

केंद्राच्या फाटकात गाडी उभी करून मी पंखा थंड व्हायची वाट पाहत बसायचो, ते सोबत्यांना फार गमतीचं वाटायचं. डिझेल फुकट जळतंय म्हणायचे. एक दिवस देवाजी, माझ्याच टेबलासमोर बसणारा, खिडकीत वाकून हसत म्हणाला, "त्याले आधी उतरू द्या, मंग तुमी उतरा."

"कोणाला?"

"तुमच्या डायवरले." त्याचा कोणी नातेवाईक आलापल्लीला होता, त्याच्याकडून बायनाबाईची गोष्ट इकडं पोचली होती. सगळे हसले. देवाजी थट्टा करत होता, यात शंका नाही. पण हसता हसता त्यानं उजव्या सीटकडं पाहिलं, आणि त्याचं हसणं इतरांच्या आधी थांबलं.

त्या दिवसापासून मी थांबणं सोडलं. पोचलो की चाबी फिरवायची, दार आपटायचं आणि मागं न पाहता चालू पडायचं. शिट्टी मागून ऐकू यायची, पूर्वीपेक्षा जास्त वेळ, आता थोडी घासलेली. तेल दुप्पट उतरायला लागलं. धूर काळ्याचा निळा झाला. श्रीहरीनं नळी काढून आत बोट फिरवलं, तेलानं माखलेलं बोट मला दाखवलं आणि विचारलं, थांबता ना? मी हो म्हणालो.

"पंख्याचं सील गेलं," तो म्हणाला. "आता तेल इंजिनात जाऊन राह्यलं. डिझेल इंजिन आहे भाऊ, ते तेलावर बी चालते. एखाद दिवशी पिसाळली का चाबी काढली तरी बंद नाई होणार. क्लचवाली असती तर गिअरात टाकून बंद पाडता आली असती. तशी झाली तर गाडीजवळ नका थांबू, पळा."

सील मिळायचं नाही, नागपुरातही नाही. गाडी उभी करा, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. पण बदलीचे अर्ज निघाले होते. आशानं भरला की नाही, हे मला अजून कळलं नव्हतं. गाडी बंद म्हणजे शनिवार बंद.

६

एप्रिलचा शनिवार. मोहाची फुलं वेचायला लोकांनी झाडांखालचा पाला जाळला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन काळी होती. आशा उजव्या सीटवर, मांडीवर पिशवी. नाका मागं पडला, लालसू दिसला नाही. बराच वेळ झाल्यावर ती म्हणाली, "अर्ज मी भरला नाई."

मी स्टिअरिंगवरचा हात बदलला.

"तुमी दर शनिवारी येता. पण येता म्हणजे काय, गाडी येते. मले ताप होता तवा मी दाराकडं पाहत होती. आता दाराकडं पाहायची सवयच गेली माही."

मी पाय दाबला. काही झालं नाही, मग शिट्टी सुरू झाली, चढली, गाडी सुटली. चढ होता. चढ संपला तसा मी पाय उचलला. शिट्टी उतरली नाही.

मी गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, चाबी फिरवली. इंजिन चढतच होतं. चाबी काढून हातात घेतली. ती माझ्या तळहातावर होती आणि इंजिन किंचाळत होतं, बॉनेट थरथरत होतं, मागून निळा धूर वाऱ्यानं उलटा फिरून आमच्यावर येत होता. आशा काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही. मी माझ्या बाजूचं दार उघडलं आणि पळालो.

एका ऐनाच्या झाडामागं पोचल्यावर मला उजवं दार आठवलं.

ते आतून उघडत नाही. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मला परत जायचं होतं, हे मी खरं सांगतो. मी झाडाला धरून उभा राहिलो. इंजिनाचा आवाज आता गाडीचा वाटत नव्हता. पाय उचलायचा ठरवत होतो आणि पाय उचलत नव्हता. दुसऱ्याच्या पायांना सांगितल्यासारखं.

धूर एकदा फाटला. तेवढ्यात मला तांबडं दार पूर्ण उघडलेलं दिसलं. आणि दाराशी वाकलेली एक पाठ, खाकी सदऱ्याची, पाठीवर घामाचा मोठा डाग. एक हात दाराच्या कडेवर होता, साहेबाच्या डोक्याला लागू नये म्हणून ड्रायव्हर ठेवतात तसा. मग धूर पुन्हा मिटला. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि इंजिन गप्प झालं.

मी झाडामागून निघून गाडीच्या नाकापाशी आलो. आशा रस्त्याच्या पलीकडं उभी होती, पिशवी छातीशी धरून. मला पाहिल्यावर ती धावत आली आणि तिनं माझी बाही दोन्ही हातांनी पकडली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तिनं असं कधी धरलं नव्हतं.

"तुमी आले," ती म्हणाली. "मले वाटलं तुमी पळाले. अन् तुमी फिरून आले."

मी अंगात पांढरा सदरा घातला होता. तो तिच्या मुठीत होता. तिनं पाहायला हवं होतं. पण तिचे डोळे धुरानं गळत होते, आणि मी बाही तिच्या मुठीत तशीच राहू दिली.

"तेलगू कवा शिकले तुमी?" तिनं विचारलं. शाळेतल्या मुलांमुळं तिला ती भाषा येत होती. "कसं म्हटलं तुमी मले, मेल्लगा दिगंडम्मा, नेनुन्नानु. हळू उतरा, मी आहे ना." ती रडत होती आणि हसत होती. "मी आहे, असं तुमी मराठीत एकदाही नाई म्हटलं."

मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. मी म्हणालो, "श्रीहरीकडून शिकलो."

७

आशानं अर्ज भरला. मुदत संपायला थोडे दिवस होते, तिनं स्वतः गडचिरोलीला जाऊन दिला. गाडी रस्त्यावरच राहिली. कबाड्यानं माणसं पाठवली, त्यांनी कापून नेली. मी पाहायला गेलो नाही.

सुट्टी लागली होती, पण शाळेचं काम हातावेगळं करायला मेभर ती एसटीनं येत-जात होती आणि मी तिला स्टँडवर घ्यायला जायचो. ती बदलली होती. बोलायची, स्वयंपाक करताना गुणगुणायची, माझ्या ताटात न विचारता वाढायची. जे मला हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि प्रत्येक घास चोरून खाल्ल्यासारखा लागत होता. खरं सांगावं असं रोज सकाळी वाटायचं. दुपारपर्यंत वाटायचं की आता कशाला? ती सुखात आहे. मग मी सगळ्यात नीच काम केलं. श्रीहरीकडं जाऊन ते वाक्य शिकायला बसलो.

त्यानं माझ्याकडून चार-पाच वेळा म्हणवून घेतलं, उच्चार सुधारले. मग हात पुसत विचारलं, हे कोणाले म्हणायचं आहे? बायकोला, मी म्हणालो.

"बायकोले असं नाई म्हणत, भाऊ. हे लय अदबीचं आहे. असं डायवर बोलते, साहेबाच्या बाईले." तो माझ्याकडं पाहत राहिला. "कोणाजवळ ऐकलं तुमी?"

मी त्याला चहाचं आमंत्रण देऊन निघून आलो.

जूनच्या सुरुवातीला बदलीचा हुकूम घेऊन आशा कायमची आली. भर दुपारी एसटी सिंदेवाहीच्या स्टँडवर लागली. टपावर तिची ट्रंक, वळकटी, स्टोव्ह. मी दाराशी उभा होतो. ती पायरीवर आली, मला पाहून हसली, आणि तिनं हात पुढं केला. मी तो धरला आणि म्हणालो, "मेल्लगा दिगंडम्मा. नेनुन्नानु."

उच्चार बिनचूक होते. श्रीहरीनं शाबासकी दिली असती.

ती पायरीवरच थांबली. हात माझ्या हातात तसाच होता, पण त्यातला जोर गेला. कॉपी केलेलं गणित मुलानं पुढं ठेवावं आणि बाईनं ते शांतपणे पाहत राहावं, तशी ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. मागून कंडक्टर ओरडत होता, बाई उतरा, बाकीच्यांले उतरू द्या.

"तो आवाज तुमचा नोहता," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. तिनं तो कोणाचा होता हे विचारलं नाही. मी त्याच प्रश्नाला घाबरून होतो, त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तिनं दुसरंच विचारलं, हळू आवाजात, लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं. तिला माझी लाज राखायची होती.

"मंग तुमी कुठी होते?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग हात सोडवून घेतला, दाराचा दांडा धरला आणि आपली आपण खाली उतरली.